धागा: मुलीने 'आईस हॉकी हीच माझी नोकरी' असं म्हटलं तर?

रानजाई
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

आम्ही कॅल्गरीला असतो. लेक अकरा वर्षांची. सातव्या वर्षी मैत्रिणीच्या वाढदिवसाला बर्फाच्या रिंकवर गेली आणि तिथलीच झाली. आता अंडर-थर्टीनमध्ये डिफेन्सला खेळते. नोव्हेंबरात इथे विकफेस्ट होतो. कॅनडाची दिग्गज खेळाडू हेली विकनहायझर हिने सुरू केलेला हा फक्त मुलींचा हॉकी महोत्सव. तिथून घरी आली, जेवायला बसली आणि वरणभात कालवता कालवता म्हणाली, "आई, मी मोठी झाल्यावर हॉकीच खेळणार. म्हणजे नोकरी म्हणून."

आम्ही दोघंही हसलो नाही, कारण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. पण रात्री मला झोप लागेना. आमच्या दोन्ही घरांत खेळावर पोट भरलेलं कुणी नाही. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "दात पडतात ना गं त्यात?"

मला खरंच जाणून घ्यायचंय. मुलींच्या आईस हॉकीत करिअर म्हणजे नक्की काय असतं? पैसे मिळतात का? किती वर्षं खेळता येतं? पुढे काय? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. मनाला बरं वाटेल असं नको, खरं हवंय.

बंड्या_नगरकर
हॉकी म्हणजे आपल्या धनराज पिल्लेंची, की बर्फावरची?

रानजाई
बर्फावरची. इथे नुसतं हॉकी म्हटलं की बर्फच धरायचा. आपल्या हॉकीला इथे 'फील्ड' जोडावं लागतं. खडकीचं माहेर असलेल्या बाईला याची सवय व्हायला दोन वर्षं लागली.

टोरंटोकर
ताई, अगदी योग्य वेळी विचारलंत. दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर उत्तर वेगळं असतं.

१ जानेवारी 2024 ला टोरंटोत पीडब्ल्यूएचएलचा, म्हणजे बायकांच्या नव्या व्यावसायिक हॉकी लीगचा पहिला सामना झाला, मी मुलीला घेऊन गेलो होतो. न्यूयॉर्कने आम्हाला 4–0 असं धुतलं. लीगच्या इतिहासातला पहिला गोल एला शेल्टनचा, तोही आमच्याच विरुद्ध. पण हरल्यावरही कुणी जागेवरून उठेना. माझ्या मागे सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. लहानपणी त्यांना मुलांच्या टीममधून काढून टाकलं होतं म्हणे. राष्ट्रगीत सुरू झाल्यापासून त्या रडत होत्या.

आता हिशोब. खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात आठ वर्षांचा करार आहे. पहिल्या हंगामात कमीत कमी पगार 35 हजार अमेरिकन डॉलर होता आणि प्रत्येक संघात निदान सहा जणींना 80 हजार किंवा त्याहून जास्त. दरवर्षी तीन टक्के वाढ. शिवाय विमा आणि राहण्यासाठी भत्ता. सहा संघांनी सुरुवात झाली, 2025-26 च्या हंगामात व्हँकुव्हर आणि सिअ‍ॅटल धरून आठ. एप्रिल 2024 मध्ये माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये माँट्रियल-टोरंटो सामन्याला 21,105 लोक आले. बायकांच्या हॉकीला!

सांगलीची_सून
वाचून छान वाटलं. आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाला 2023 च्या लिलावात 3 कोटी 40 लाख मिळाले तेव्हा गल्लीतल्या आयांनी एका आठवड्यात मुलींसाठी बॅट घेतल्या. पैसा दिसला की घरचे परवानगी देतात, हे खरं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दिनूकाका
टोरंटोकरांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण चित्र अर्धं आहे. मी या देशात 1989 पासून आहे. उरलेलं अर्धं सांगतो.

बायकांची पहिली अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धा 1990 ला ओटावात झाली. कॅनडाच्या मुलींना लाल जर्सी न देता गुलाबी दिली होती, लोक बघायला यावेत म्हणून. मी तेव्हा ओटावातच नोकरीला होतो, अंतिम सामना पाहिला. अमेरिकेला 5–2 ने हरवलं. त्या मुली सोमवारी आपापल्या कामावर परत गेल्या असतील, कारण या खेळात पगार नावाची गोष्टच नव्हती.

2007 ला सीडब्ल्यूएचएल नावाची लीग निघाली. जगातल्या उत्तम खेळाडू तिथे खेळल्या, आणि दहा वर्षं त्यांना पगार नव्हता. 2017 ला मानधन सुरू झालं, हंगामाला 2 हजार ते 10 हजार डॉलर. आणि 2019 ला लीगच बंद. मार्चअखेरीस जाहीर झालं, एक मेपासून कुलूप.

अमेरिकेत 2015 ला एनडब्ल्यूएचएल निघाली. पगार देणारी पहिली, दहा हजारांपासून पुढे. दुसऱ्याच वर्षी हंगामाच्या मध्यावर तो पगार निम्म्यापर्यंत कापला.

तेव्हा आजच्या लीगकडे बघून हुरळून जाऊ नका. लीग उभ्या राहतात, लीग पडतात. मुलीच्या हातात दुसरं काहीतरी असलंच पाहिजे.

टोरंटोकर
काका, मान्य. पण 2019 ला लीग पडली त्यानंतर काय झालं तेही लिहा ना. महिनाभरात दोनशेहून जास्त खेळाडूंनी मिळून जाहीर केलं की नीट पगार आणि विमा देणारी लीग येईपर्यंत आम्ही उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याच लीगमध्ये खेळणार नाही. स्वतःची संघटना काढली, गावोगावी प्रदर्शनी सामने खेळल्या. चार वर्षं! खेळाडूच्या आयुष्यातली चार वर्षं म्हणजे किती, विचार करा. काहींची उमेद त्यातच संपली. तो 35 हजारांचा आकडा त्या मुलींनी कमावलाय, कुणी दान दिलेलं नाही.

दिनूकाका
हे मात्र शंभर टक्के खरं.

निळाई
मी मिनेसोटात असते. इथली पोरं चालायच्या आधी स्केटिंग शिकतात असं वाटतं. लीगचे पहिले दोन्ही करंडक आमच्याकडे, 2024 आणि 2025. टोरंटोकर, राग नसावा :)

अमेरिकेकडचं थोडं सांगते. 2017 ची विश्वस्पर्धा मिशिगनला होती, म्हणजे घरच्याच मैदानावर. स्पर्धेच्या तोंडावर अमेरिकेच्या संघाने सांगितलं, करार सुधारला नाही तर आम्ही उतरणार नाही. तोपर्यंत ऑलिंपिकच्या आसपासचे सहा महिने फक्त, महिन्याला हजार डॉलर मिळायचे. संघटनेने बदली खेळाडू शोधायला सुरुवात केली. कॉलेजच्या, अगदी शाळेच्या मुलींना फोन गेले. सतरा-अठरा वर्षांच्या मुली, देशाची जर्सी घालायची आयुष्यातली एकमेव संधी कदाचित, आणि त्या नाही म्हणाल्या. एकामागून एक. शेवटी स्पर्धेला तीन दिवस असताना करार झाला. मग त्याच संघाने अंतिम सामन्यात कॅनडाला जादा वेळेत 3–2 ने हरवलं, विजयी गोल हिलरी नाइटचा.

रानजाई, तुमच्या लेकीला विकनहायझरबरोबर ही गोष्टही नक्की सांगा.

आता कामाचं. अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे खेळाच्या शिष्यवृत्त्या आहेत आणि लीगमधल्या बहुतेक मुली त्या वाटेनेच आल्यात. लीगच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडले तेव्हा, पहिली निवडलेली टेलर हाइझ इथल्याच मिनेसोटा विद्यापीठाची. पदवी हातात, शिक्षणाचा खर्च वाचलेला आणि खेळही झालेला.

कॉर्नेलची_माई
निळाई, एक भर घालते. हार्वर्ड, प्रिन्स्टन, कॉर्नेल यांचे संघ चांगले असले तरी आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते. मदत घरच्या उत्पन्नावर ठरते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे प्रवेश मिळाल्यावर कळलं आणि फार ओढाताण झाली. आधीच विचारून घ्या.

स्पष्टवक्ता
सगळे छान छान लिहिताय. मी गणित मांडतो. 2025-26 चे आठ संघ, प्रत्येकी 23 खेळाडू, म्हणजे 184 जागा. त्यात कॅनडा, अमेरिका, फिनलंड, स्वीडन, चेकिया, सगळीकडच्या मुली. आपल्याकडे यूपीएससीला याहून जास्त जागा असतात! अकरा वर्षांच्या पोरीला हे स्वप्न दाखवणं बरोबर नाही. गणित, विज्ञान पक्कं करा, हॉकी हौस म्हणून ठेवा.

रानजाई
स्वप्न आम्ही दाखवलेलं नाही हो, तिनेच ते घरात आणलंय. तुमचं 184 मात्र मी वहीत लिहून ठेवलं. तिलाही सांगणार आहे.

डॉ_मुक्ता
स्पष्टवक्ता, तुमच्या गणिताशी भांडण नाही. पण 'हॉकी नाहीतर विज्ञान' असं जे तुम्ही मांडलंय ते या धाग्यावर तरी चालणार नाही, कारण विकनहायझर डॉक्टर आहे.

तिचा प्रवास बघा. सस्कॅचवानमधलं शॉनव्हन हे छोटंसं गाव. वडिलांनी परसात पाणी ओतून रिंक केलेलं. लहानपणी मुलांच्याच संघात खेळली, कारण मुलींचा संघच नव्हता. पंधराव्या वर्षी देशाच्या संघात. 1998 ला नागानोत बायकांची हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकला आली, तिथे रौप्य. मग 2002, 2006, 2010, 2014 अशी ओळीने चार सुवर्णं. मध्येच 2000 ला सिडनीत सॉफ्टबॉलसाठीही ऑलिंपिक खेळून आली. कॅनडासाठी 276 सामने, 379 गुण.

आणि हे सगळं जिथे बायकांना पगार नव्हता त्या काळात. म्हणून 2003 ला ती पुरुषांच्या व्यावसायिक संघात खेळायला युरोपात गेली. आधी इटलीत ठरत होतं, तिथल्या संघटनेने बाईला परवानगी नाकारली. मग फिनलंडमधल्या किर्कोनुम्मीच्या संघाने घेतलं, आणि पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात गोल करणारी ती पहिली बाई ठरली.

2017 च्या जानेवारीत निवृत्त झाली, वैद्यकीय शिक्षण घेतलं, 2021 ला कॅल्गरी विद्यापीठातून डॉक्टर झाली. त्या अभ्यासाच्या काळातच टोरंटो मेपल लीफ्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघात तरुण खेळाडू घडवायचं काम करत होती, 2022 पासून तिथे असिस्टंट जनरल मॅनेजर. 2020 च्या मार्चमध्ये करोना पसरत असताना ऑलिंपिक समिती टोकियोची स्पर्धा होणारच म्हणून अडून बसली होती. त्या वेळी ही स्वतः समितीच्या खेळाडू आयोगावर होती, तरी उघड म्हणाली की हे बेजबाबदार आहे. आठवड्याभरात स्पर्धा पुढे गेली. मी तेव्हा मुंबईत अतिदक्षता विभागात होते. तिचं ते वाक्य आम्ही एकमेकींना पाठवत होतो.

डॉक्टर म्हणून मात्र एक सांगते, रानजाई. दातांची काळजी करू नका, मुलींना पूर्ण चेहऱ्याची जाळी असते. काळजी करायची ती डोक्याला बसणाऱ्या धक्क्याची. पडल्यावर मुलीला उलटी, गरगरणं, उजेड सहन न होणं असं काहीही झालं तर त्या दिवशी खेळ बंद. कोच काहीही म्हणू दे.

खमंग_ढोकळा
ते सगळं ठीक, पण त्या हॉकीच्या बॅगेच्या वासाचं काय करता कुणी सांगेल का? आमची गाडी कायमची गेली आहे.

टोरंटोकर
गॅरेजमध्ये दोरी बांधा. रिंकवरून आल्या आल्या सगळं वाळत घाला, हातमोजे पालथे. बॅग बंद ठेवायची नाही, रात्रभर तर अजिबात नाही. बाकी सगळे स्प्रे म्हणजे पैसे वाया.

निळाई
पांढरं व्हिनेगर आणि पाणी. माझ्या शेजारणीचा तीस वर्षांचा उपाय.

बंड्या_नगरकर
मला नियमच कळत नाहीत. ऑफसाइड म्हणजे काय, आयसिंग म्हणजे काय. जावयाकडे एडमंटनला आलोय, तो सामना लावतो आणि मी नुसता बघत बसतो.

दिनूकाका
बंडोपंत, पंजाबी समालोचन लावा. 2008 पासून हॉकी नाइट पंजाबीत येतं. मला मराठी आणि हिंदी येतं, त्यावर पंजाबी भागतं. पक, म्हणजे ती रबराची चकती, कुठे गेला ते कळलं नाही तरी आवाजावरून कळतं की काहीतरी मोठं झालंय.

भटक्या_पुणेकर
धागा कॅनडा-अमेरिकेत फिरतोय, जरा घराकडे आणतो.

मी दोन हिवाळे लेहला जाऊन आलो. कर्झूला तळं गोठतं, तिथे मुली खेळतात. रात्री नळीने पाणी मारून ठेवायचं आणि पहाटे त्याचा नवा थर तयार. कडेला लाकडी फळ्या. मी गेलो तेव्हा एक मुलगी स्केट्स घालून रुंद खराट्याने बर्फाचा भुगा लोटत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ रेषेत, आणि लगेच मागे वळून दुसरी रेघ. वीस मिनिटं. मग स्टिक उचलली आणि त्याच मैदानावर खेळायला लागली. उणे पंधरा तापमान असेल. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी खिशात ठेवावी लागत होती.

बर्फ जेमतेम दोन महिने. त्यावर भारताचा महिला संघ उभा आहे. 2016 ला तैपेईत पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला, सगळे सामने हरला. तिथे जाण्याआधी कित्येकींनी पूर्ण आकाराचं बंदिस्त रिंक पाहिलंही नव्हतं. पुढच्या वर्षी लोकवर्गणीतून पैसे जमले आणि बँकॉकला फिलिपाइन्सला 4–3 ने हरवलं. पहिला विजय. आणि 2025 ला अल ऐनच्या आशिया कपमध्ये कांस्य.

रानजाई, तुमच्याशी संबंध असा की त्या बँकॉकच्या विजयानंतर भारताच्या मुली कॅल्गरीला विकफेस्टला आल्या होत्या, आणि 2018 च्या जानेवारीत खुद्द विकनहायझर किट घेऊन लेहला गेली, त्यांच्याबरोबर खेळली. चार सुवर्णं मिळवलेली बाई गोठलेल्या तळ्यावर.

मी तिथे भेटलो त्या मुलींपैकी कुणालाच हॉकीचा पगार नव्हता. करिअर या शब्दात त्यांना बसवायचं की नाही, मला सांगता येत नाही. पण मी पाहिलेल्या सगळ्यात गंभीर खेळाडू त्याच.

रानजाई
भटक्या, हे मला माहीतच नव्हतं. लेकीला वाचून दाखवलं. "त्या मुली मी खेळले त्याच रिंकवर खेळल्या?" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली.

सांगलीची_सून
अंगावर काटा आला.

पहाटेचा_बाप
माझी मुलगी आता सतरा वर्षांची. सहा वर्षं निवड होऊन खेळायची स्पर्धात्मक हॉकी खेळली, गेल्या वर्षी थांबली. म्हणून मीही लिहितो, कारण असे बाप धाग्यावर लिहीत नाहीत.

पहाटे साडेपाचचं बर्फ मिळायचं. मुलांच्या संघांना संध्याकाळ, आम्हाला पहाट. एका रिंकवर मुलींना कपडे बदलायला झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करायची गाडी, उभी करतात त्याच्या बाजूची खोली दिली होती, धुराच्या वासात. आम्ही चार बापांनी मिळून पत्र लिहिलं, दोन हंगाम गेले, मग कुठे खोली मिळाली.

पंधराव्या वर्षी ट्रायआउटमध्ये वरच्या संघात तिची निवड झाली नाही. घरी येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. मी स्टीअरिंग धरून बसलो होतो आणि मला काय बोलावं सुचेना. घराजवळ आल्यावर म्हणाली, "बाबा, स्केट्सना धार लावायची आहे, शनिवारी जाऊ या." अजून दोन वर्षं खालच्या संघात खेळली, कॅप्टन झाली. आता लहान मुलींना रविवारी शिकवते, रेफरीचा कोर्स केलाय, त्याचे पैसेही मिळतात.

स्पष्टवक्ता, 184 मध्ये ती नाही. आमचा एकही डॉलर वाया गेला असं मला वाटत नाही.

स्पष्टवक्ता
पहाटेचा_बाप, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझं गणित चूक नाही, पण मी फक्त वरच्या टोकाचंच मोजलं. माझा मुलगा बुद्धिबळ खेळायचा, दहावीला मीच बंद केलं. असो. त्याला आज फोन करतो.

टोरंटोकर
कारकीर्द म्हणजे काय, यावर मला सोचीचा अंतिम सामना आठवतो. 20 फेब्रुवारी 2014. साडेतीन मिनिटं उरली तेव्हा कॅनडा 2–0 ने मागे. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये, हातात थंड झालेला चहा. एक गोल परत आला. मग आम्ही जादा खेळाडू पुढे आणायला गोलरक्षक बाहेर काढली, आणि अमेरिकेच्या केली स्टॅकने लांबून मारलेला पक रिकाम्या गोलकडे घसरत निघाला. घसरतोय, घसरतोय, आणि खांबाला लागून बाहेर! कँटीनमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. 55 सेकंद राहिली असताना मारी-फिलिप पुलँने बरोबरी केली. जादा वेळेत विकनहायझर एकटी पक घेऊन सुटली, तिला पाडलं, कॅनडाला पॉवर प्ले मिळाला, म्हणजे समोरची एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर, आणि त्यात परत पुलँचाच गोल.

पस्तीस वर्षांची विकनहायझर, बावीस वर्षांची पुलँ. एकीने पगाराशिवाय आख्खा काळ काढला. दुसरी आज पगार देणाऱ्या लीगमध्ये माँट्रियलची कर्णधार आहे. तुमची लेक पुलँच्याही पुढची पिढी, ताई.

दिनूकाका
तो खांब! माझ्या बायकोने त्या दिवशी देवाला साखर ठेवली होती.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिला घेऊन बसले आणि या धाग्यातलं एकेक सांगितलं. 184 जागा, बंद पडलेल्या लीग, नाही म्हणणाऱ्या त्या अमेरिकेच्या मुली, खराटा मारणारी मुलगी, गाडीत गप्प बसलेली मुलगी. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टर व्हायला गणित लागतं का?" म्हटलं, लागतं. "आणि पुलँ डावीकडून शूट करते की उजवीकडून?" ते मला माहीत नव्हतं. ती शोधून काढते म्हणाली.

आम्ही दोघांनी ठरवलंय की अंडर-फिफ्टीन संपेपर्यंत काही बोलायचं नाही. शाळा सुटायची नाही, बर्फही सुटायचं नाही. सासूबाईंना जाळीचा फोटो पाठवला. त्यांचा उलट निरोप आला, "मान उघडी दिसते आहे तिची."

डॉ. मुक्ता, मानेचा पट्टा कोणता घ्यावा? आमचा जुना आता घट्ट होतोय, ती सारखी ओढते.

डॉ_मुक्ता
सासूबाईंची नजर पक्की आहे. पट्टा सक्तीचाच, आणि स्केटच्या पात्याने कापला जाणार नाही अशा कापडाचा, प्रमाणपत्राची खूण असलेला घ्या. वेगळा पट्टा टोचत असेल तर कॉलरसकट शिवलेला आतला शर्ट मिळतो, तो मुली ओढत नाहीत. दुकानात तिला घेऊन जा आणि घालून मान चारी बाजूंना वळवायला सांगा.

पहाटेचा_बाप
आमच्याकडे तसा एक आहे, लहान झालेला पण चांगला. कॅल्गरीतच आहोत. विचारपुशीतून निरोप टाका, शनिवारी रिंकवर आणून देतो.